चीनला गेलेलं लुगडं

मी आमच्या घराण्यातला पहिला बी. ए. घराण्यातला कशाला, आसपासच्या पाच-सात गावांतला पहिला. हे सांगायला मी कधी लाजलो नाही. वडील बैलांमागं चालून म्हातारे झाले, आई सहीच्या जागी अंगठा उठवायची, आणि मी पुण्याच्या बोर्डिंगात राहून, इंग्रजीशी झोंबी घेऊन ती पदवी आणली. लोणावळ्याच्या शाळेत मास्तर म्हणून लागलो तेव्हा बाजारातले लोक मला बघायला थांबतात, असं मला वाटायचं. थांबतही असतील.

आता जे लिहितो आहे त्यात त्या पदवीची शोभा नाही. तरी लिहितो.

दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावरची गोष्ट. बाजारपेठेतल्या एका दवाखान्याच्या ओट्यावर दर रविवारी सकाळी आमचं मंडळ भरायचं. त्या दवाखान्यातले कंपाउंडर मंडळाचे अध्यक्ष, मी चिटणीस, बाकी रेल्वेतले चार-पाच जण आणि एक किराणावाला. मी वर्तमानपत्र वाचून दाखवायचो आणि मग स्पेनपासून जपानपर्यंत कुणाचं काय चुकलं ते आम्ही ठरवायचो. मंडळाला आम्ही भारदस्त नाव दिलं होतं. पण बाजारात सगळे त्याला 'जगाचं मंडळ' म्हणत. भाजीवाली मला विचारायची, "काय मास्तर, जगाचं बरं हाय का आज?"

कंपाउंडर पहिल्या लढाईत बसऱ्याला इस्पितळात होते. तिथं एकदा त्यांना स्वतःलाच गोळी लागली, तेव्हा शेजारी पडलेल्या एका तुर्की कैद्यानं अंगातला सदरा फाडून त्यांचा दंड बांधला. तो कैदी दुसऱ्या दिवशी वारला. कंपाउंडरकाका ही गोष्ट फार कमी वेळा सांगत, पण मंडळ त्या गोष्टीवरच उभं होतं. "पट्टी कुणाच्या सदऱ्याची, ते रक्ताला कळत नाही मास्तर," एवढंच म्हणायचे.

त्या वर्षी मुंबईच्या एका समितीचं पत्रक आलं. चीनमध्ये जपानचं सैन्य घुसलं होतं, माणसं हजारोंनी जखमी होत होती, आपल्याकडचेही काही डॉक्टर तिकडे गेले होते, आणि त्यांना जखमा बांधायला कापड पुरत नव्हतं. पत्रक वाचून झाल्यावर काकांनी ते माझ्या हातून घेऊन पुन्हा स्वतः वाचलं. मग म्हणाले, "हे आपल्याला जमण्यासारखं आहे. जुनं सुती कापड गोळा करू, उकळून पट्ट्या करू. मावळातली गावं तुमची आहेत मास्तर. तुम्ही फिरा."

मी फिरलो. शाळेतला जगाचा नकाशा गुंडाळून काखेत मारायचो आणि रविवारी दुपारनंतर एकेक गाव घ्यायचो. लोहगडाखालच्या वाडीत माझी सख्खी आत्या दिली होती, म्हणून तिथून सुरुवात केली. देवळाच्या भिंतीवर नकाशा टांगला. माणसं जमली.

एका आबांनी जवळ येऊन नकाशा न्याहाळला. "यात आपला लोहगड कुटं हाय?"

"यात नाही मावत आबा तो."

"लोहगड मावत न्हाई, मंग मावतंय काय यात?"

सगळे हसले. मीही हसलो. मग चीन दाखवला, लढाईचं सांगितलं, जखमी पोरांचं सांगितलं. शेवटी म्हणालो, "तुमच्या अंगावरचं काही नको. घरात पडून असलेलं, वापरात नसलेलं, सुती, जुनं कापड द्या." हे वाक्य मी आदल्या दिवशी कागदावर लिहून पाठ केलं होतं. शब्दन् शब्द आठवतो.

आबा अजून नकाशाजवळच उभे होते. निळ्या रंगावर बोट ठेवून म्हणाले, "हा समिंदर?"

"होय."

"म्हंजी आपल्या आन त्यांच्या मदी समिंदर हाय. नक्की?"

"नक्की आबा. बोटीनं कित्येक दिवस लागतात."

"आन गेलेलं मागारी येत न्हाई?"

मला वाटलं, म्हाताऱ्याला कापडाची काळजी. मी म्हणालो, "दिलेलं परत कसं येईल?"

माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. मागं उभ्या असलेल्या बायकांत काही कुजबुज झाली आणि थांबली.

पुढच्या रविवारी मी बैलगाडी घेऊन गेलो. भर दुपार होती, वैशाखातली. मला वाटलं होतं, चार घरं देतील, दहा घरं टोलवतील. पण वाडीतल्या जवळजवळ प्रत्येक घरातून एकेक गाठोडं आलं. बायका यायच्या, गाठोडं गाडीजवळ जमिनीवर ठेवायच्या आणि वळून चालू लागायच्या. कुणी माझ्याशी बोललं नाही. एकीनंही मागं वळून पाहिलं नाही. काही गाठोड्यांना काळा दोरा बांधलेला होता. मला वाटलं, आपलं आपल्याला ओळखू यावं म्हणून बांधला असेल.

गाडीवान परत येताना गाडीत बसला नाही. मळवलीपर्यंत बैलांच्या शेजारून चालत आला. मी म्हणालो, "बस की." तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या मास्तर. गाडी भरलीया." गाडी अर्धीसुद्धा भरली नव्हती.

वाडीतून निघायच्या आधी, सगळ्यात शेवटी आत्या आली होती. तिच्या कडेवर तिची नात होती, तीन वर्षांची. आत्याची लेक, म्हणजे माझी आतेबहीण, बाळंतपणाला माहेरी आली आणि त्यातच गेली. पोर वाचली. बापानं दुसरं लग्न केलं, पोर आजीजवळ राहिली. पण ती अंगच धरत नव्हती. पाय काटक्यांसारखे, मान बारीक. आत्या म्हणायची, दुपारी जेवायला बसवलं की पोर दाराकडे बघून हसते, हात पुढं करते, आणि मग तोंडातला घास टाकून देते. दारात कुणी नसतं. मी तिला कंपाउंडरकाकांकडे दोनदा नेलं होतं. त्यांनी जंताचं औषध दिलं होतं.

आत्याच्या हातात हिरवं लुगडं होतं, रुईफुली काठाचं. मी ते ओळखलं. आतेबहिणीच्या डोहाळजेवणाला माझ्या वडिलांनीच ते घेतलं होतं.

"आत्या, हे नवं आहे. ठेव. पोरीला होईल पुढं."

"नगं. जाऊ दे त्याला." तिनं ते गाडीत ठेवलं आणि त्यावर दोन्ही हात क्षणभर दाबून धरले. "लांब जाईल न्हवं रं?"

"लांब म्हणजे, चीनला."

"मंग बरं." ती वळली. पोर मात्र तिच्या खांद्यावरून मागं बघत राहिली.

अशी सहा-सात गावं केली. शाळेच्या एका खोलीत गाठोड्यांचा ढीग लागला. मी मुंबईला अभिमानानं पत्र लिहिलं, की मावळातला गरीब शेतकरी जगाच्या दुःखाला कसा जागतो ते शहरातल्या लोकांनी येऊन पाहावं. इंग्रजीत लिहिलं होतं. छान साधलं होतं.

मग कापड फाडायचा दिवस आला. रेल्वेतल्या लोकांच्या बायका मदतीला आल्या. पहिलं गाठोडं एका गँगमनच्या बायकोनं सोडलं. आतून पुरुषाची बंडी निघाली. बंडीच्या खिशात तंबाखूची पिशवी होती, अर्धी भरलेली, चुन्याची डबी तशीच. तिनं बंडी खाली ठेवली. दुसरं गाठोडं सोडलं. त्यात तान्ह्या मुलाची दोन झबली होती, एकदाही न धुतलेली, टाके कोरे. तिनं तिसरं सोडलं नाही. उठली, बाहेर रांजणावर जाऊन कोपरापर्यंत हात धुतले आणि दारातूनच मला म्हणाली, "मास्तर, ही कुनाची कापडं हायती ठावं हाय का तुमास्नी?"

"लोकांनी दिली."

"लोकांनी दिली, खरं. कुनाची हायती?"

तेव्हा कळलं. आमच्या घरात वापरात नसलेलं कापड कधी असतं का? लुगडं विरलं की त्याचा पोरीला परकर होतो, परकर विरला की वाकळेत जातो, वाकळ फाटली की डोक्यावरच्या घागरीखाली तिची चुंबळ होते. पडून राहतं ते एकच कापड. माणूस वय होऊन गेलं तर त्याचे कपडे दहाव्यापर्यंत कुणाला तरी देऊन टाकतात. पण जो अवेळी गेला, धरणाच्या पाण्यात बुडाला, घाटात गाडीखाली आला, जी बाळंतपणात गेली, त्यांचं कापड कुणी घेत नाही. ते जाळलं तरी मागं लागतं म्हणतात, फक्त समुद्र ओलांडत नाही. मग ते गाठोड्यात बांधून माळ्यावर राहतं, वर्षानुवर्षं. मी त्या लोकांमध्ये जन्मलो. आमच्याही माळ्यावर तसं एक गाठोडं होतं, धाकट्या चुलत्याचं. आणि मी देवळासमोर उभा राहून नेमकं तेच मागितलं होतं, वर समुद्राची खात्री दिली होती.

बायका निघून गेल्या. कोणी भांडलं नाही. नुसत्या गेल्या.

मी काकांना सांगायला गेलो. ते औषध घोटत होते. खलबत्ता थांबवला, ऐकून घेतलं, आणि पुन्हा घोटायला लागले. "कापड सुती आहे ना?"

"आहे."

"मग उकळा. सोडा टाकून दोनदा. खिसे रिकामे करा, खिशातलं बाजूला पुरून टाका. काठ फाडून काढा, काठाचा रंग जखमेत उतरतो." थोड्या वेळानं म्हणाले, "त्या तुर्कानं मला बांधलं तो सदरा तरी कुणाचा होता, मी कुठं विचारलं?"

मग आम्ही दोघांनी आणि किराणावाल्यानं मिळून ते उकळलं. लग्नातले हंडे आणले, शाळेच्या मागं चूल मांडली. मृगाच्या आधीचे दिवस. लोणावळ्यात त्या दिवसांत खंडाळ्याकडून धुकं वर चढतं आणि भर दुपारी पाच हातांवरचं दिसत नाही. आम्ही मैदानात दोऱ्या बांधून कापडं वाळत घातली आणि धुकं आलं. वारा अजिबात नव्हता. बंड्या, धोतरं, लुगडी सरळ लोंबत होती. मधूनच धुकं जरा विरळ व्हायचं आणि ओळीनं उभी असलेली माणसं दिसायची. मग पुन्हा काही नाही. कापडातलं पाणी ठिबकत होतं, तेवढाच आवाज. रस्त्यानं जाणारे लोक शाळेजवळ आले की पलीकडच्या बाजूनं जायला लागले. एका टांग्याचं घोडं कुंपणाशी अडून बसलं. टांगेवाल्यानं उतरून त्याच्या डोळ्यांवर पटका धरला आणि मग पुढं नेलं.

मी हे भ्यालो म्हणून लिहीत नाही. मी त्या दोऱ्यांमधून चालत होतो, कापडं उलटी करत होतो. फक्त एक सांगतो. एकाही कापडाकडे मी पाठ केली नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच धुक्यातून आत्या आली, कडेवर पोर. वाडीत बातमी गेली होती, की बायका कापड फाडत नाहीत.

"तिचं लुगडं कुणी परक्यानं फाडू नगं," ती म्हणाली. "कुटं हाय?"

मी दाखवायच्या आधीच पोरीनं हात केला. तिसऱ्या दोरीच्या टोकाला हिरवं लुगडं होतं. पोर त्याच्याकडे बघून हसली. खुदकन, ओळखीचं माणूस दिसावं तशी. मग दोन्ही हात पुढं केले.

आत्यानं तिला माझ्याकडे दिलं. "तिकडं ने. लांब ने." तिनं लुगडं उतरवलं, जोत्यावर बसली आणि फाडायला लागली. सुती कापड फाटताना चर्र आवाज होतो. मी पोरीला घेऊन मैदानाच्या दुसऱ्या टोकाला उभा होतो, धुक्यात मला आत्या दिसत नव्हती, पण एकेक पट्टी फाटलेली ऐकू येत होती. पोर प्रत्येक वेळी दचकत होती.

बाकीचं कापड आम्ही तिघांनी फाडलं, पेट्या भरल्या. पार्सल मुंबईला गेलं. पावसाच्या आधी पोचल्याची पोचही आली.

आणि पोर खायला लागली. हे मी स्वतः पाहिलं. आषाढात वाडीत गेलो तेव्हा ती नाचणीची भाकरी दुधात कुस्करून खात होती. दाराकडे बघत नव्हती. आत्या म्हणाली, "गेली बग ती. दुपार आता दुपारवानी असती." मी जंताच्या औषधाचं नाव घेतलं. ती म्हणाली, "व्हय, त्याचा बी गुन आसंल." मला समजूत घालावी तशी म्हणाली.

भाद्रपदात महायुद्ध सुरू झालं. बोटी सरकारनं घेतल्या, समितीचं गोदामही घेतलं. आमचं पार्सल मुंबईच्या बाहेर गेलंच नव्हतं. जागा नाही म्हणून समितीनं ज्याचं त्याला परत धाडलं. एका दुपारी स्टेशनवरच्या पार्सलबाबूनं शाळेत निरोप पाठवला. मी गेलो तर म्हणाला, "तुमचे चिनी पाहुणे आलेत मास्तर. दोन दिवस इथं भिजतायत. उचला."

पेट्या फलाटाच्या कडेला पागोळ्यांखाली होत्या. तळातून पाणी गळत होतं. मी एक हमाल केला, पेट्या शाळेच्या नकाशांच्या खोलीत ठेवल्या आणि कुलूप लावलं. एक पेटी उघडून वरच्या ओल्या गुंडाळ्या पुन्हा सोड्याच्या पाण्यातून काढल्या, खोलीतच दोरीवर टाकल्या. काकांनासुद्धा लगेच सांगितलं नाही. कसं सांगायचं तेच ठरवत होतो. हमाल कर्जतचा, आमच्या गावांशी त्याचा काही संबंध नाही. हे मी नंतर पुष्कळ वेळा मनाशी तपासलं आहे.

त्याच संध्याकाळच्या गाडीनं आत्या आली. पोरीला वाकळेत गुंडाळलं होतं. अंग तापानं फणफणत होतं. आत्या माझ्या खोलीच्या उंबऱ्यात उभी राहिली, आत आली नाही.

"परत आलं का रं ते?"

"काय?"

"परवापासनं जेवत न्हाई. आज दुपारी दाराकडं बगून बोलली. 'आई वली हाय' म्हनली." आत्याचा आवाज अगदी सरळ होता. "वली हाय म्हनली. दोनदा. वाडीत कालपासनं पाऊस न्हाई, लेका."

मी पोरीच्या कपाळाला हात लावला. तेवढ्यात काय ते ठरवलं. म्हणालो, "नाही आत्या. ते गेलं. कधीच गेलं, बोटीनं. हा हिवताप आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. "तू कालेज शिकलास. तू मला फशिवनार न्हाईस."

"नाही."

"मंग चल डाक्टरकडं."

काकांनी क्विनीन दिलं. आत्या पोरीला घेऊन आठवडाभर माझ्याच खोलीत राहिली. शाळा पंधरा पावलांवर, आणि नकाशांच्या खोलीची किल्ली माझ्या खिशात. दुपारी पोर तापात असायची आणि मान वळवून एकाच भिंतीकडे बघायची. ती भिंत शाळेच्या बाजूची होती. तिसऱ्या दिवशी मी काकांना सगळं सांगितलं. त्यांनी हातगाडी आणली आणि पेट्या आपल्या दवाखान्यामागच्या कोठीत नेल्या, बाजाराच्या दुसऱ्या टोकाला. "औषध आणि अंतर, दोन्ही देऊन बघू," ते म्हणाले. ते हसत नव्हते.

चौथ्या दिवशी ताप उतरला. क्विनीननं उतरला. हिवताप तसाच उतरतो. पोर अंथरुणात उठून बसली आणि दवाखान्याच्या दिशेच्या खिडकीकडे बघायला लागली. जेवत मात्र नव्हती.

आता प्रश्न एवढाच होता. मी शब्द दिला होता, की ते गेलं. तो शब्द खरा करायचा, तर ते जायलाच हवं होतं. पोर वाचायची असेल तर ते जायला हवं असं आत्याला वाटत होतं. मला काय वाटत होतं ते मी स्वतःला विचारलं नाही. मी पत्रं लिहिली. समितीला, समितीच्या डॉक्टरांना, ज्याचं नाव वर्तमानपत्रात दिसेल त्याला. जगाचं मंडळ आता एकाच गोष्टीवर बोलायचं: हे कापड कोणत्या वाटेनं जाईल. रेल्वेतला एकजण म्हणाला, माल रंगूनपर्यंत बोटीनं जातो आणि तिथून डोंगरातून मोटारीनं चीनला. काकांनी पेट्या नव्यानं भरल्या, मेणकापड लावलं. दिवाळीच्या सुट्टीत मी स्वतः त्या पेट्या घेऊन मुंबईला गेलो, तीन दिवस गोदीत आणि ऑफिसांत बसून राहिलो, इंग्रजी बोलून बोलून साहेबाला कंटाळा आणला. पदवीचा इतका सरळ उपयोग मी आयुष्यात दुसऱ्यांदा केला नाही. पेट्या रंगूनच्या बोटीत चढलेल्या या डोळ्यांनी पाहिल्या. बोट हलेपर्यंत थांबलो. मग वळलो आणि बोरीबंदरपर्यंत मागं न बघता चालत गेलो. हे स्टेशनात शिरल्यावर ध्यानात आलं.

घरी येऊन वाडीत गेलो तर आत्या म्हणाली, "पोरगी परवापासनं जेवती." बोट परवाच सुटली होती.

पुढचं पाऊसपाणी होऊन गेलं. मग समितीकडून एक छापील पत्रक आलं, मदत करणाऱ्या सगळ्या मंडळांना पाठवलेलं. त्यात फोटो होते. एका फोटोत डोंगरात कोरलेलं इस्पितळ होतं, गुहेसारखं, आणि दारात स्टुलावर बसलेला एक तरुण शिपाई, फार तर अठरा वर्षांचा. डोक्याला पट्टी. पट्टीच्या एका कडेला काळसर नक्षीची रेघ गेली होती, कानावरून कपाळापर्यंत.

काकांनी औषधांचं बारीक अक्षर वाचायचं भिंग लावून बघितलं. "काठ आहे. मी काठ काढायला सांगितले होते."

"रुईफुली वाटतोय."

"रुईफुली काठ हजार लुगड्यांना असतो मास्तर," ते म्हणाले. पण भिंग परत ठेवायला त्यांना वेळ लागला.

मी ते पत्रक आत्याला दाखवायला नेलं. का नेलं, ते सांगता येत नाही. पोरगी आता चार वर्षांची, पायांत बळ आलेलं. दुपारची वेळ होती, आत्यानं तिला भाकरी वाढली होती. मी फोटो आत्याच्या हातात दिला. तिनं तो उंबऱ्याजवळच्या उजेडात धरला. बराच वेळ बघितला.

"एक पट्टी म्या काठासकट ठेवली हुती," ती म्हणाली. "समदंच फाडाया झालं न्हाई. म्हनलं, एवढ्या लांब चालली, आपलं म्हनून वळखाया काई तरी आसू दे जवळ."

मी फोटो घ्यायला हात पुढं केला, पण तिनं तो सोडला नाही.

"आन त्या टायमाला तू खोटं बोललास, ते म्या वळखलं हुतं. तुझ्या हाताला सोड्याचा वास येत हुता. पर तू बोललास तवा मला धीर आला. म्हनून धरून बसले." तिनं फोटोवरून अंगठा फिरवला. शिपायावरून नाही, त्याच्या मागच्या काळ्या दारावरून. "हितं दारात येऊन हुबी ऱ्हायची तर म्या तिला मिठानं हाकललं. लेकरासाठी हाकललं. तितं कुनाशी बोलत आसंल रं ती? तिला त्यांची भाषा कुटं येती?"

मी वाकून फोटोखालची इंग्रजी ओळ पुन्हा वाचली.

"तुला इंग्रजी येतंय. पत्र लिव."

"कुणाला आत्या?"

"या लोकांना. आपलं मंडळ हाय न्हवं? मंडळाच्या नावानं लिव. आमची लेक तितं आलीया म्हनावं. भली हाय. दुपारची दारात येती, पर काई करत न्हाई. तिला हाकलू नगा. पानी ठेवा." तिनं पोरीकडे बघितलं. "आन तिला सांगा म्हनावं, लेकरू बरं हाय. जेवतं. कसं सांगायचं ते त्यांचं त्यांनी बगावं."

"पत्ता कुठला घालू? यात गावाचं नाव नाही."

"दार दिसतंय की. या दाराचा घाल."

मी तिथंच बसून लिहिलं. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड इंग्रजी ते. तिचा एकही शब्द गाळला नाही, एकही नटवला नाही. नंतर काकांनी ते वाचलं, खाली अध्यक्ष म्हणून सही केली, मंडळाचा शिक्का मारला आणि समितीच्या पत्त्यावर धाडून दिलं. पुढं रंगूनची वाट बंद झाली. उत्तर आलं नाही, आणि आत्यानं ते कधी विचारलंही नाही.

त्या दुपारी, लिहून झाल्यावर मी ते तिला मराठीत उलगडून वाचून दाखवत होतो. पोरगी दाराकडे पाठ करून भाकरी खात होती. आत्याचं माझ्या वाचण्याकडे लक्ष नव्हतं. ती दाराकडे बघत होती.